अंगठ्यावरचा कळंक

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख यंदाच्या पावसाळ्यात हिरवे झाले. हिरवे म्हणजे मेंदी उतरताना होते तसे तांबूस-पिवळे नव्हे, की दारात बोट चेमटले म्हणजे होते तसे काळेनिळेही नव्हे. चांगले हिरवे. तांब्याचे भांडे आठ-पंधरा दिवस घासायचे राहिले की त्याच्या काठाखाली जो रंग धरतो ना, तो रंग.

दुखत मात्र नव्हते. खाजतही नव्हते, की बोट सुजले नव्हते. दुखले असते तर मी एखादे वेळी डॉक्टरकडे गेलेही असते. आम्हां बायकांच्या दुखण्याचे दोनच प्रकार. दुखते त्याच्याकडे उद्या बघू म्हणायचे आणि दुखत नाही त्याच्याकडे बघायचेच नाही. हे नख दुसऱ्या प्रकारातले.

झाले होते असे. आषाढात धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. मुलगा झाला. डिंकाचे लाडू करायला घेतले आणि जुन्या डब्याचे झाकण काही केल्या निघेना. अंगठ्याचे नख घालून जोर केला, तर झाकण निघाले, पण नखही एका कोपऱ्यातून मांसापासून सुटले. टिपूसभर रक्त आले. हळद दाबली आणि कामाला लागले. त्यातच आमची भांडीवाली बाई भाताच्या लावणीसाठी तीन आठवडे गावी गेलेली. घरात कपडे धुण्याचे यंत्र आहे, पण तान्ह्या बाळाची दुपटी नि लंगोट त्यात टाकायचे नाहीत हा माझा हट्ट. तेव्हा पहाटे पाचपासून अकरा वाजेपर्यंत हात पाण्यात, दुपारी पुन्हा पाण्यात आणि रात्री खरकटे आवरताना आणखी एकदा. बाहेर पाऊस. हवेत अशी ओल, की दांडीवरची दुपटी दोन दोन दिवस वाळू नयेत. तिथे नखाखालची ओल कुठून वाळायची? तिसऱ्या आठवड्यात मी पहाटे दुधाचे पातेले उचलले, तर दिव्याच्या उजेडात नखाचा कोपरा हिरवा दिसला.

मग मी काय केले असेल? सांगायला लाज वाटते, पण लेकीची जुनी नेलपॉलिशची बाटली शोधून काढली. लग्नानंतर मी नखांना रंग लावल्याचे मला आठवत नाही. एकच नख रंगवले तर संशय येईल म्हणून दहाच्या दहा रंगवली. जेवताना ह्यांचे लक्ष गेलेच. म्हणाले, "आजी झाल्यावर हौस आली वाटतं!" मी म्हटले, "तुम्हाला काय करायचंय? मुकाट्याने जेवा." विषय संपला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन, शेजारणीला झाले आहे अशी थाप मारून, नखाच्या बुरशीवरचे मलम आणले. रात्री रंग पुसावा, मलम चोळावे, सकाळी पुन्हा रंग लावावा, असा क्रम पंधरा-वीस दिवस चालवला. हिरवा रंग कोपऱ्यातून सरकत सरकत अर्ध्या नखापर्यंत आला.

बाळाला न्हाऊ घालण्याचे काम अर्थात माझे. न्हाणीघरात पाटावर बसायचे, पायांवर बाळ घ्यायचे, तेल रगडायचे, वरून ऊन पाणी. एके दिवशी तेलापाण्याने अंगठ्यावरचा रंग टवका उडून गेला. लेक टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिने पाहिले. तेव्हा ती काही बोलली नाही. बाळाला गुंडाळून घेऊन गेली. संध्याकाळी बाळ निजले, हे बाहेर बातम्या लावून बसले, तेव्हा ती माझ्या खोलीत आली. आधी दार लोटले, मग कडी घातली आणि हळूच म्हणाली, "आई, अंगठा दाखव."

आणि मी, सहासष्ट वर्षांची बाई, मुठीत अंगठा धरून हात पदराआड घेतला.

तो हात तसा पदराआड जाताना मी पूर्वी पाहिला होता.

आम्ही गिरगावात राहायचो. दोन खोल्या, समोर गॅलरी, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी. वडील एका छापखान्यात कंपॉझिटर. त्यांच्या पगारात चौघांचे भागत नसे, म्हणून आईने घरगुती खानावळ चालवली होती. पाच जण जेवायला येत. एक पोस्टातले, एक शाळामास्तर, एक रेल्वेतले आणि दोघे सख्खे भाऊ, कुठल्याशा कचेरीत कारकून. सकाळी साडेआठला पहिली पंगत, रात्री आठला दुसरी. आईचा दिवस पहाटे नळ आला की सुरू व्हायचा. पाणी भरायचे, तांदूळ-डाळी धुवायच्या, भाज्या धुवायच्या, आणि मग दोन्ही वेळच्या त्या भांड्यांचा डोंगर. स्टीलची भांडी तोवर घराघरांत येऊ लागली होती, पण आमच्याकडे बहुतेक सगळी पितळेची, पाण्याची तेवढी तांब्याची. राख, चिंच, काथ्या. मोरीत उकिडवी बसलेली आईची पाठ हेच माझ्या लहानपणचे आईचे चित्र आहे. तोंडापेक्षा पाठ जास्त आठवते.

आजच्या मुलींना कल्हई म्हणजे काय ते सांगावे लागते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात दिलेला असे. तो झिजला आणि आमटी-कढीसारखा आंबट पदार्थ त्यात राहिला, की कळकत असे. तोंड कडू होई, मळमळे, कधी उलटी होई. म्हणून खानावळीत जेवणाऱ्या माणसाची पहिली नजर भाताच्या वाफेवर नसे, भांड्याच्या कल्हईवर असे. कल्हई वेळेवर न करणारी खानावळवाली म्हणजे चार पैशांसाठी दुसऱ्याच्या पोटाशी खेळणारी बाई. माझी आई दर दोन महिन्यांनी कल्हईवाल्याला गॅलरीखाली बसवी. त्याचा भाता, नवसागराचा धूर, आणि कापसाचा बोळा फिरताच काळ्या पातेल्यात एकदम उतरलेले चांदणे, हे सगळे मी पायरीवर बसून पाहिले आहे. त्या बाबतीत आईने कधी काटकसर केली नाही.

१९६८ सालचा श्रावण. मी नऊ वर्षांची. सोमवारची रात्रीची पंगत, पाचही जण पाटावर बसलेले. आई आमटी वाढत होती. वाटी पुढे करताना तिचा अंगठा दिव्याच्या उजेडात आला आणि मी, वर्गात उत्तर आधी येणाऱ्या मुलीच्या उत्साहाने, मोठ्याने म्हणाले, "आई, तुझ्या अंगठ्याला कळंक लागलाय!"

पंगतीत कोणी काही बोलले नाही. पोस्टातल्या काकांनी वर पाहिले आणि पुन्हा ताटात पाहिले. शाळामास्तरांनी भात कालवायचे थांबवले. आईने वाटी ठेवली, अंगठा मुठीत घेतला आणि हात पदराआड केला. मग म्हणाली, "भाजी चिरताना लागलंय ते." ती खोटे बोलते आहे हे मला कळले, कारण भाजी मी निवडली होती आणि तिला काही लागले नव्हते.

दुसऱ्या महिन्यापासून ते दोघे भाऊ यायचे बंद झाले. जवळच दुसरीकडे सोय झाली म्हणाले. पाचांतले दोन गेले म्हणजे काय गेले, हे तेव्हा मला समजले नाही. त्या वर्षी दिवाळीत मला नवे परकर-पोलके मिळाले नाही, हे मात्र समजले.

आईने अंगठ्याला चिंधी बांधायला सुरुवात केली. पांढऱ्या धोतराची पट्टी, घट्ट गुंडाळलेली. ती चिंधी सकाळी बांधली की रात्रीपर्यंत सुटत नसे आणि दिवसभर भिजलेली असे. शेजारच्या काकूंनी नखुर्डे समजून लिंबू कोरून बोटात घालायला सांगितले. तेही रात्री करून झाले. नख हिरव्याचे काळपट हिरवे झाले. मे महिन्यात जेवणारे आपापल्या गावी गेले, आईचे हात महिनाभर जरा कोरडे राहिले, आणि मुळाकडून नख गुलाबी येऊ लागले. आम्ही सगळ्यांनी त्याचे श्रेय लिंबाला दिले. जूनमध्ये पाऊस लागला, पंगत लागली आणि नख पुन्हा हिरवे.

आणखी एक बदल झाला. वाढायचे काम आईने माझ्याकडे दिले. "आता मोठी झालीस, तू वाढ," म्हणाली. स्वतः आत चुलीपाशी बसायची आणि मी परकर खोचून पंगतीत फिरायची. माझा काय तोरा होता म्हणून सांगू! वर्गातल्या मुलींना मी ही गोष्ट बढती मिळाल्यासारखी सांगितली. चौथीतल्या पोरीच्या हाती आईने अख्खी पंगत का सोपवली, हा प्रश्न मला सबंध आयुष्यात पडला नव्हता. तो त्या संध्याकाळी, कडी घातलेल्या खोलीत, लेकीपुढे मूठ उघडताना पडला.

लेकीने दुसऱ्याच दिवशी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणजे लेकीच्याच वयाची मुलगी. तिने आधी रंग पुसला, मग भिंगातून पाहिले, आणि नखाचा सुटलेला भाग बारीक कात्रीने कापून टाकला. मी डोळे मिटून घेतले होते, पण काही कळलेच नाही. मांसापासून सुटलेल्या नखाला जीव नसतो. त्या तुकड्याचा कीस तिने काचेच्या नळीत पाण्यात टाकला, नळी हलवली आणि टेबलावर उभी करून ठेवली. आमचे बोलणे होईपर्यंत पाण्याला फिकट हिरवी झाक आली होती. "बुरशी असती तर रंग असा पाण्यात सहसा उतरला नसता," ती म्हणाली. "हा जिवाणू आहे. तुमचं मलम बुरशीचं होतं. ते त्याला काय करणार?" खात्रीसाठी थोडा कीस तिने तपासणीलाही पाठवला. कधी कधी बुरशी आधी येऊन नख सैल करते आणि हा मागून येऊन राहतो, तेव्हा दोघांचाही समाचार घ्यावा लागतो म्हणे. सोरायसिसनेही नखे सुटतात, आणि मग ह्याला आयतीच जागा मिळते.

ह्या जिवाणूला मुद्दाम कुठून यावे लागत नाही. पाण्यात, मातीत, नळाच्या तोटीत, मोरीच्या जाळीखाली, भांड्यांच्या ओल्या घासणीत, जिथे ओल तिथे तो असतोच. धड, घट्ट बसलेल्या नखाखाली त्याला शिरकाव नसतो. नख जरा उचलले गेले आणि त्या फटीत पाणी टिकले की त्याचे बिऱ्हाड पडते. तो नख खात नाही, फक्त रंग सोडतो. एक निळा, एक पिवळट हिरवा. दोन्ही मिसळले की जसे प्रमाण तसे नख पोपटी, हिरवे, किंवा पाहणाऱ्याला काळेच वाटावे इतके गडद दिसते. भांडी घासणारे, न्हावी, मासे साफ करणाऱ्या कोळणी, परिचारिका, ज्यांचे ज्यांचे हात दिवसभर ओले, त्यांना हा विकार जास्त.

त्याचे नाव स्युडोमोनास एरुजिनोसा. घरी आल्यावर मी लेकीकडून फोनवर त्याची कुळकथा शोधून घेतली. रात्री बाळ जागे असले म्हणजे आम्हां दोघींना दुसरा उद्योग नसे. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात युरोपातल्या शस्त्रवैद्यांना एक कोडे पडलेले असे. काही रोग्यांच्या जखमेवरच्या पट्ट्या आपोआप निळ्या-हिरव्या होत. १८६० साली फोर्दोस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने त्या पट्ट्यांतून निळा रंग वेगळा काढला. १८८२ साली जेसार्द ह्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने तो रंग करणारा जिवाणू वेगळा करून दाखवला. मधल्या काळात, १८७२ साली, श्र्योटर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला एरुजिनोसा हे नाव दिले होते. लॅटिन भाषेत एरुगो म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा गंज.

मी लेकीला म्हटले, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचले. तांब्याचा हिरवा गंज. म्हणजे कळंक. गिरगावातल्या नऊ वर्षांच्या पोरीने पंगतीत जे नाव घेतले, तेच नाव एका जर्मन पंडिताने शंभर वर्षे आधी ठेवून दिले होते. रंग मी बरोबर ओळखला होता. फक्त तो भांड्याचा नव्हता. आईच्या भांड्यांना शेवटपर्यंत लख्ख कल्हई होती.

हिरव्या नखांचा हा विकार गोल्डमन आणि फॉक्स ह्या दोघांनी १९४४ साली वैद्यकाच्या नियतकालिकात नोंदवला. आईच्या अंगठ्याच्या आधी चोवीस वर्षे. आमच्या चाळीच्या नाक्यावर दवाखाना होता. पण रोज दोन पंगती उठवणारी बाई न दुखणाऱ्या नखासाठी दवाखान्याची पायरी चढत नाही.

औषध ऐकून मला हसू आले. पांढरे व्हिनेगर! एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, दिवसातून दोनदा दहा दहा मिनिटे अंगठा बुडवायचा, मग नीट टिपून कोरडा करायचा. बरोबर जिवाणूवरचे थेंब, चार आठवडे. आंबट पाण्यात ह्या जिवाणूचे जमत नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा अशा हिरव्या होत, तेव्हाही पातळ ॲसेटिक ॲसिडच्या पट्ट्या ठेवत असत. मी लिंबाची हकीकत सांगितली, तेव्हा डॉक्टर म्हणाली, "काकू, लिंबाचा आंबटपणा कोणी मोजलाय? शिवाय लिंबू घालून बोट रात्रभर ओलंच राहिलं ना? औषधापेक्षा कोरडेपणा मोठा." मग तिने विचारले, "घरात आणखी कोणाला होतं का असं?"

"माझ्या आईला होतं."

"आनुवंशिक नसतो हं हा."

"माहीत आहे," मी म्हटले.

चिंधीचेही मी विचारले. न विचारून कसे चालेल? ती म्हणाली, ओली चिंधी, चिकटपट्टी, नेलपॉलिश, ह्या सगळ्यांनी एकच होते. फट झाकली जाते आणि पाणी आत राहते. आजकाल पार्लरमध्ये मुली नखांवर नखे चिकटवून घेतात, त्या कृत्रिम नखाच्या नि खऱ्या नखाच्या मध्ये पाणी शिरले की तेच. वरून नख सुंदर आणि आतून शेवाळे. तेव्हा लपवलेच नसते तर ते इतके वाढले नसते, असे ती माझ्या दहा रंगवलेल्या नखांकडे बघत म्हणाली. मी आईच्या चिंधीचा विचार करत होते.

खरे विचारायचे होते ते मी शेवटी विचारले. पंगतीतली माणसे उठून गेली, त्यांची भीती खरी होती का? आणि बाळाचे काय? ती म्हणाली, नखातला हा जिवाणू धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. तो आपल्या पिण्या-धुण्याच्या पाण्यातही भेटतोच. पण भाजलेल्या रोग्याच्या जखमेत, डोळ्याच्या बुबुळात किंवा अशक्त माणसाच्या फुप्फुसात गेला तर फार वाईट, आणि पुष्कळ औषधांना दाद देत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एका इस्पितळात, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात, १९९७-९८ साली ४६ बाळांच्या अंगी हा जिवाणू सापडला आणि त्यांतली १६ दगावली. चौकशीत संशय दोन परिचारिकांच्या नखांकडे गेला. एकीची नखे लांब होती, दुसरीची कृत्रिम. ती बाळे अपुऱ्या दिवसांची, नळ्या लावलेली. आमचा बाळ नऊ महिने भरलेला, तीन किलोंचा. "घाबरायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाली, "पण नख बरं होईस्तोवर बाळाची अंघोळ दुसऱ्या कोणी घालावी."

हे मला औषधापेक्षा कडू लागले. रिक्षात मी बोलले नाही. लेकही बोलली नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आई, तू स्टुलावर बस आणि मला सांग. मला तरी कधी यायचं?" दुसऱ्या दिवसापासून ती पाटावर आणि मी दाराशी स्टुलावर, कोरडे हात मांडीवर ठेवून. मान धर, कानात पाणी जाईल, तेल अजून, पाणी ऊन आहे का बघ. बाळाने पहिले चार दिवस आकांत केला. पाचव्या दिवशी तो गप्प राहिला, तेव्हा मला आनंद झाला असे म्हणणे भाग आहे.

अंगठा कोरडा ठेवणे म्हणजे काय, हे घरातल्या बाईने करून पाहावे. पाणी न लागणारे एक तरी काम आठवते का बघा. कणीक, भाजी, डाळ-तांदूळ, ओटा पुसणे, देव धुणे, सगळीकडे पाणी. रबरी मोजे आणले तर आत घामाने तेच, म्हणून आधी सुती मोजे आणि वर रबरी. अशा बोटांनी कोथिंबीर निवडून दाखवावी कोणी. ह्यांनी भांडी घासायचे काम अंगावर घेतले. पहिल्या आठवड्यात दोन कप आणि एक काचेची बरणी गेली. कढईचे बूड बाहेरून घासायचे असते, हे त्यांना एकाहत्तराव्या वर्षी कळले. पण चार आठवडे त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडावर सांगितले तर दुसऱ्या दिवसापासून करतील.

लावणी आटोपून आमची बाई परत आली. मी प्रथम तिचे हात पाहिले. डाव्या हाताची दोन नखे हिरवी. "हे होय? पावसात असतंच की हे," ती म्हणाली. पाच घरची भांडी. एका घरी नखे पाहून पोळ्यांचे काम काढून घेतले, ते तिने सहज सांगितले, पगार वाढला-कमी झाला सांगावे तसे. मी तिला व्हिनेगरची बाटली दिली, मोज्यांचा जोड दिला, पाण्याचे प्रमाण समजावले. मोजे दोन दिवस घातले आणि खिडकीच्या गजाला अडकवले. "ताई, भांडं निसटतंया हातातनं. एखादं फुटलं तर भरून कोण देणार?" व्हिनेगर मात्र लावते. मी रोज नखे पाहते. एक सुधारले आहे. दुसरे तसेच आहे. पाच घरांच्या पाण्यातून ती हात कधी काढणार?

जिवाणू मेला तरी रंग जात नाही, ही गोष्ट मला आधी माहीत नव्हती. मेलेला रंग नखाबरोबर वर चढतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, तेव्हा अंगठ्याचे नख पुरते बदलायला पाच-सहा महिने लागतात. हिरव्याची रेघ पुढे सरकते आहे, मागून गुलाबी येते आहे, हे पाहत राहायचे. डॉक्टरने जाताना आणखी एक बजावले होते, ते वाचकांनाही सांगते. मार लागून साखळलेले रक्तही असेच नखाबरोबर पुढे सरकते. पण मुळापासून टोकापर्यंत उभी काळी रेघ उमटली आणि ती हलत नसली, उलट रुंद होत चालली, तर घरगुती उपाय करीत बसू नये, ताबडतोब दाखवावे. ते कधी कधी कर्करोगाचे लक्षण असते.

आईचा माझ्याकडे एकच चांगला फोटो आहे. माझ्या थोरलीच्या बारशातला. आई खुर्चीवर बसली आहे, मांडीवर बाळ आहे. डावा हात बाळाच्या मानेखाली, उजव्याची मूठ, अंगठा आत. इतकी वर्षे मला वाटे, फोटोवाल्याने तसे बसवले असेल. खानावळ बंद होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती आणि नख कधीच स्वच्छ झालेले होते. १९८९ साली आई गेली. त्या पंगतीबद्दल ती माझ्याशी एक शब्द कधी बोलली नाही, आणि मीही नाही. मी विसरून गेले होते. ती विसरली होती की नाही, ते त्या मुठीला ठाऊक.

परवा लेकीने फोटो फळीवरून काढून पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. तिला मी सगळे सांगितले आहे. तिने फोटो पुसला आणि परत ठेवला.

आता नखाच्या टोकाशी नखाएवढीच बारीक, बीजेच्या कोरीसारखी हिरवी कड उरली आहे. डॉक्टरने बाळाला न्हाऊ घालायला परवानगी दिली आहे. पण लेकीचा हात आता बसला आहे आणि तिला दिवाळीनंतर सासरी जायचे आहे, म्हणून अंघोळ तिच्याकडेच ठेवली. नरकचतुर्दशीला मात्र पहिले अभ्यंग आहे. उटणे मी लावणार. आदल्या रात्री ती नेलकटर घेऊन माझ्यापुढे बसणार आहे असे म्हणते आहे. मी म्हटले, "मी कापीन गं माझं मी." तर म्हणाली, "उजव्या अंगठ्याचं डाव्या हाताने कापशील आणि परत उचकटशील. हात इकडे कर."